बाळ अजून चालत नाही? बाळाच्या शारीरिक वाढीचे टप्पे आणि आपली काळजी



दोन वर्षांपूर्वीचा गणेशोत्सव. शाळेच्या कॅफेटेरियात जेवणाच्या रांगेशेजारी कोणीतरी सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर साधारण एकाच वयाची चार बाळे सोडली होती. एक खुर्चीला धरून उभे होते, दुसरे सगळ्यांच्या चपलांच्या दिशेने रांगत निघाले होते, तिसरे आजीचे बोट धरून पावले टाकत होते. चौथी आमची मुलगी. वय तेरा महिने. ती शांतपणे बसल्या जागी मोदकाचा तुकडा कुस्करत होती. "अजून उभी राहत नाही का हो?" हा प्रश्न त्या संध्याकाळी आम्हाला सहा जणांनी विचारला. आम्ही मोजले!

घरी परतल्यावर जे झाले ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरी झाले असेल. मूल झोपले आणि आम्ही दोघे दोन लॅपटॉप उघडून बसलो. पहाटे दोनपर्यंत एक्सेल शीट तयार झाले, त्यात सहा ठिकाणांहून आणलेल्या सहा याद्या, आणि एकीचाही दुसरीशी मेळ नाही. भारतात फोन केला तर एका आजीचे म्हणणे, "काही काळजी करू नका, प्रत्येक मूल आपल्या वेळेला चालते." दुसऱ्या आजीचे म्हणणे, "आमच्याकडे सगळी दहाव्या महिन्यात चालली, तिला मालिश कमी पडते आहे." दोघींचेही प्रेम खरे, पण हातात काहीच आले नाही.

पुढचे पाच महिने आम्ही वाचले, डॉक्टरांना भंडावले आणि राज्य सरकारतर्फे होणाऱ्या तपासणीतूनही गेलो. मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि तिच्यामागे धावताना आमची दमछाक होते. त्या काळात जमवलेली माहिती मंडळातल्या नव्या आईबाबांच्या उपयोगी पडावी म्हणून इथे एकत्र देत आहोत. आम्ही दोघेही इंजिनियर आहोत, डॉक्टर नाही. तेव्हा हे वाचून डॉक्टरांकडे जायचे टाळू नका, उलट जाताना काय विचारायचे ते ठरवा.

तारीख नव्हे, खिडकी

सर्वात जास्त कामाला आलेली माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाची. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या ८१६ मुलांची हालचाल प्रशिक्षित माणसांनी वारंवार पाहून नोंदली आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतली होती. त्यांनी प्रत्येक टप्प्याला एक तारीख न देता एक खिडकी दिली, म्हणजे शंभरातल्या पहिल्या मुलापासून नव्याण्णवाव्या मुलापर्यंतचा काळ.

आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने. धरून उभे राहणे ४.८ ते ११.४. हात आणि गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५. धरून चालणे ५.९ ते १३.७. एकट्याने उभे राहणे ६.९ ते १६.९. आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. नवव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही मुले त्याच खिडकीत बसतात. सतरंजीवर शेजारी बसवली तर मात्र एक हुशार आणि एक मागे पडलेले वाटेल!

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली. ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कोणी पोटावर सरकले, कोणी बुडावर, कोणी थेट उभे राहिले. मुलगे आणि मुली यांच्यातला फरक इतका किरकोळ निघाला की वेगळे तक्ते करावे लागले नाहीत. त्यामुळे "मुली लवकर चालतात" आणि "मुलगे आळशी असतात" ही दोन्ही वाक्ये आम्ही घरातून हद्दपार केली आहेत. देशादेशांत थोडा फरक होता, घानातली मुले जरा लवकर आणि नॉर्वेतली जरा उशिरा, पण खिडकी सगळ्यांसाठी एकच धरता आली.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. भारतीय बाळांच्या वाढीचे मोजमाप भारतातच व्हावे म्हणून डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याला मोठे काम केले. त्यातून तयार झालेली 'डासी' नावाची चाचणी (हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी) भारतातले बालविकास तज्ज्ञ आजही वापरतात. तुमच्या भावाच्या किंवा बहिणीच्या मुलाच्या रिपोर्टवर हे नाव दिसले तर दचकू नका.

याद्या एकमेकींशी का जुळत नाहीत?

आमच्या एक्सेल शीटचा गोंधळ इथे सुटला. पुस्तकात लिहिलेले असते, बाळ बारा महिन्यांत चालते. सीडीसीची यादी पंधराव्या महिन्याला "काही पावले स्वतः टाकते" म्हणते आणि अठराव्याला "न धरता चालते". जागतिक आरोग्य संघटना १७.६ पर्यंत जाते. कोण बरोबर?

तिघेही. फक्त प्रत्येकाने रेघ वेगळ्या जागी मारली आहे. बारा महिने हा मध्य आहे, म्हणजे निम्मी मुले त्याच्या आधी चालतात आणि निम्मी नंतर. बाराव्या महिन्याच्या यादीत "चालते" असे असेल, तर जगातल्या निम्म्या निरोगी बाळांचे आईबाप त्या दिवशी काळजीत पडणार हे उघड आहे. सीडीसीने २००४ मध्ये सुरू केलेल्या आपल्या याद्या फेब्रुवारी २०२२ मध्ये बदलल्या त्या याच कारणाने. आता त्यांच्या यादीत एखादी गोष्ट त्या वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना जमते तेव्हाच येते. पूर्वी पालक आणि डॉक्टर दोघेही "अजून थोडे थांबू" म्हणत राहायचे. आता यादीतली गोष्ट जमत नसेल तर थांबू नका, विचारा, असा अर्थ आहे. त्याच बदलात रांगणे यादीतून काढून टाकले आणि पंधरा आणि तीस महिन्यांच्या याद्या नव्याने आल्या. रांगणे काढल्याचे काही फिजिओथेरपिस्टना अजून पटलेले नाही, आणि त्यांच्याशी बोलल्यावर आम्हालाही त्यांचा मुद्दा समजतो, कारण रांगताना खांदे, पाठ आणि दोन्ही हात एकदम तयार होतात. पण न रांगणे हा एकटा मुद्दा आजार नव्हे, यावर दुमत नाही.

तेव्हा कुठलीही यादी हातात घेतली की पहिला प्रश्न विचारा, ही किती टक्के मुलांची रेघ आहे? यादीवर लिहिलेले नसेल तर ती फ्रिजवर लावू नका.

आणि बाळ लवकर जन्मले असेल तर वय आधी दुरुस्त करा. चाळीस आठवड्यांतून जितके आठवडे कमी पडले तितके वजा करायचे. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ दहा महिन्यांचे असेल तर टप्प्यांच्या हिशोबात ते साधारण आठ महिन्यांचे. दोन वर्षांपर्यंत हाच हिशोब धरतात. भारतातल्या नातेवाइकांना वाढदिवस पाठ असतो, हे आठवडे नसतात. त्यांना हे एकदा नीट समजावून सांगितलेत तर पुढचे वर्षभर शांतता मिळेल.

आपल्या घरातल्या सवयी

अमेरिकेत बाळाला पाठीवरच झोपवायला सांगतात. १९९४ मध्ये त्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू त्यानंतर निम्म्याहून कमी झाले. त्यामुळे यात तडजोड नाही. पण याचा एक साधा परिणाम असा की पाठीवर झोपणारी मुले पालथे पडणे, पोटावर सरकणे हे थोडे उशिरा करतात. चालायला मात्र साधारण त्याच वयात लागतात. म्हणून जागेपणी, कोणीतरी समोर बसून, पोटावर ठेवायचे. सात आठवड्यांच्या सुमारास दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटे होतील असे पाहा. बाळाला सुरुवातीला आवडत नाही, ते रडते, आणि आजीला ते बघवत नाही. आमच्याकडे यावर तोडगा निघाला तो असा की आजीनेच आडवे होऊन बाळाला छातीवर पालथे घ्यायचे. तेही त्यातच धरले जाते!

मालिशीने हाडे बळकट होऊन मूल लवकर चालते असे नाही. पण हलक्या हाताच्या मालिशीत तोटा काही नाही आणि बाळ आनंदात असते, तेव्हा ती चालू द्या. फक्त पाय ताणणे, उलटे धरणे हे प्रकार नकोत. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत, खुब्याच्या सांध्याला त्याचा त्रास होऊ शकतो. पाय बेडकासारखे दुमडता येतील इतकी जागा हवी, आणि बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद. उलट आपली कडेवर घ्यायची पद्धत, दोन्ही पाय फाकून कमरेला धरलेले, खुब्यासाठी चांगली मानतात.

आता वॉकर. आजीचा पांगुळगाडा म्हणजे उभे राहिलेल्या मुलाने ढकलायची लाकडी गाडी. इथे बेबी वॉकर म्हणतात ते वेगळे, त्यात मूल मध्ये बसते आणि पाय खाली लटकतात. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट उशीर होऊ शकतो, आणि जिन्यावरून पडून गंभीर इजा होतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ मध्ये यावर बंदीची मागणी केली. कॅनडात २००४ पासून विक्री बंद आहे, जुना विकायलाही परवानगी नाही. मंडळात दरवर्षी कोणी ना कोणी "वॉकर आहे, कोणाला हवा का" असे विचारते. कृपया तो पुढे देऊ नका.

आमच्या थेरपिस्टने पहिल्या भेटीत विचारले, "दिवसातला किती वेळ ती कशात तरी बसवलेली असते?" आम्ही हिशोब केला. कार सीट, स्ट्रोलर, झुला, जेवणाची उंच खुर्ची, डे केअरमधली बाउन्सर. जागेपणीचे निम्म्याहून अधिक तास! पुण्याच्या घरात हीच मुलगी दिवसभर फरशीवर लोळली असती. आमच्या अपार्टमेंटमध्ये खाली राहणाऱ्यांना आवाज नको, हिवाळ्यात फरशी गार, म्हणून तिला आम्ही नकळत उचलून ठेवत आलो होतो. त्यात मोजे. लाकडी फ्लोअरवर मोजे घातलेले मूल उभे राहायला गेले की घसरते आणि दोन वेळा घसरले की नाद सोडते. घरात पाय उघडे ठेवा.

खाण्यापिण्याचेही दोन मुद्दे आहेत, आणि आपल्या लोकांसाठी ते महत्त्वाचे आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या दिवसांपासून रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब द्यायला इथले डॉक्टर सांगतात. गडद त्वचा, लांब हिवाळा आणि घरातले दिवस, यामुळे आपल्या मुलांना त्याची गरज जास्तच. ते फार कमी पडले तर मुडदूस होतो, पाय वाकतात, चालायला उशीर होतो.

दुसरा मुद्दा बी १२ चा. आई शाकाहारी असेल, तिच्यातच बी १२ कमी असेल आणि बाळ केवळ अंगावर पीत असेल, तर बाळालाही ते मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी १२ कमी आढळले होते. इथे येऊन आपण दूध-दही खातो म्हणून सुटलो असे समजू नका. २००१ मध्ये जॉर्जिया राज्यात शाकाहारी आयांच्या अंगावर पिणाऱ्या दोन मुलांच्या मज्जासंस्थेला यामुळे इजा झाल्याचे सीडीसीने २००३ मध्ये प्रसिद्ध केले आहे. असे बाळ पहिले काही महिने छान असते. मग हळूहळू मलूल होते, हसणे कमी होते, धरलेली मान पुन्हा लटपटू लागते, फिकट दिसते, घन पदार्थ तोंडात घेत नाही. रक्ताच्या एका तपासणीत हे कळते आणि वेळेवर उपचार झाले तर बाळ फार लवकर सुधारते. उशीर झाला तर परिणाम राहू शकतो. इथले डॉक्टर शाकाहाराबद्दल आपणहून विचारतीलच असे नाही. आपण सांगायचे. गरोदरपणातच स्वतःचे बी १२ तपासून घेतले तर सगळ्यात उत्तम.

आणि बाळगुटी उगाळताना मध नको. वर्षाच्या आत मधाने बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात बाळ एकदम ढिले पडते. वर्षानंतर खुशाल द्या.

इथे थांबायचे नाही

खिडकी मोठी आहे हे ऐकून बरे वाटते. आम्हालाही वाटले होते. पण काही गोष्टी अशा आहेत की तिथे खिडकी संपायची वाट पाहायची नसते, कारण तिथे प्रश्न "कधी" हा नसून "कसे" हा असतो.

पहिली आणि सर्वात महत्त्वाची, आधी जमणारी गोष्ट जमेनाशी होणे. कोणत्याही वयात. बसणारे मूल बसेनासे झाले, बोलणारे गप्प झाले, तर पुढच्या चेकअपची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

दुसरी, दोन बाजूंतला फरक. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा आठव्या महिन्यात प्रत्येक खेळणे डाव्या हातानेच घ्यायचा. सगळे कौतुकाने म्हणायचे, "आजोबांसारखा डावखुरा होणार!" उजवी मूठ मात्र बहुतेक वेळ मिटलेली असायची आणि सरकताना उजवा पाय मागे ओढला जायचा. खरे तर वर्षाच्या आत मूल एक हात निवडत नाही. एकच हात वापरत असेल तर दुसरा हात का वापरत नाही हे पाहायचे असते. त्याला उजव्या अंगाचा सेरेब्रल पाल्सी निघाला. तो आज शाळेत जातो, सायकल चालवतो, पण त्याचे आईबाबा आजही म्हणतात की ते कौतुकाचे चार महिने थेरपीत गेले असते तर बरे झाले असते. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिले आहे.

बाकीच्या खुणा अशा. चार महिन्यांनंतरही मान न धरणे किंवा मुठी सतत घट्ट मिटलेल्या असणे. उचलल्यावर बाळ चिंधीच्या बाहुलीसारखे हातातून निसटणे, किंवा उलट, लाकडासारखे ताठ होणे आणि कपडे बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणे. नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय न बसणे. उभे राहिल्यावर कायम चवड्यांवरच राहणे. अठरा महिन्यांपर्यंत न चालणे. मुलगा अठरा महिन्यांनंतरही चालत नसेल तर स्नायूंच्या एका आजाराची शंका दूर करायला सीके नावाची साधी रक्ततपासणी असते, ती करायची का असे डॉक्टरांना विचारा.

ज्यांचे बाळ भारतात जन्मले आणि नंतर इथे आले त्यांनी आणखी एक करावे. इथे प्रत्येक राज्यात जन्मानंतर टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड आणि इतर काही आजारांची तपासणी होते. भारतात ती सगळीकडे होतेच असे नाही. डिस्चार्ज पेपर काढा, त्यात ती दिसत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे, आणि आमची चूक

इथे नऊ, अठरा आणि तीस महिन्यांच्या चेकअपला वाढीची एक प्रश्नावली भरून घ्यावी अशी पद्धत आहे. "होय", "कधी कधी", "अजून नाही" असे तीन पर्याय असतात. आता आमची चूक सांगतो. नवव्या महिन्याच्या फॉर्मवर आम्ही चार ठिकाणी "कधी कधी" लिहिले. खरे उत्तर "अजून नाही" होते. एकदा सोफ्याला टेकून तीन सेकंद उभी राहिली होती ना, मग झाले! आयुष्यभर परीक्षेत मार्क मिळवायची सवय लागलेल्या आम्हा दोघांना मुलीचा पहिला पेपरही चांगला जायला हवा होता. बेरीज रेघेच्या किंचित वर आली, डॉक्टर "सगळे छान" म्हणाले आणि आम्ही आनंदाने घरी आलो. चार महिन्यांनी सतरंजीवर ती तशीच बसलेली होती. हा फॉर्म म्हणजे परीक्षा नव्हे. तिथे मार्क वाढवले तर आपल्याच मुलाची मदत लांबते.

दुसरे, व्हिडिओ न्या. डॉक्टरांच्या खोलीत मूल रडते किंवा बुजते, आणि पंधरा मिनिटांत त्यांना ते कसे सरकते हे दिसत नाही. घरातली एका मिनिटाची क्लिप आमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलली. आणि डॉक्टर "थोडे थांबू या" म्हणाले तर नम्रपणे विचारा, किती दिवस थांबायचे, आणि तोवर काय दिसले पाहिजे? उत्तर फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा.

अर्ली इंटरव्हेन्शन

आपल्या लोकांना सर्वात कमी माहीत असलेली गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर. १९८६ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यातल्या दुरुस्तीमुळे अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ही सोय आहे. नावे वेगळी. कॅलिफोर्नियात 'अर्ली स्टार्ट', टेक्सासमध्ये 'अर्ली चाइल्डहूड इंटरव्हेन्शन', जॉर्जियात 'बेबीज कान्ट वेट'. आईबाबा स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. तपासणीला पैसे पडत नाहीत. मूल त्या राज्यात राहते एवढे पुरे, तुम्ही एच वन वर आहात की ग्रीन कार्डवर याचा संबंध नाही. फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि, मूल पात्र ठरले तर, पहिली बैठक व्हायला हवी असा नियम आहे. घरात मराठीच बोलत असाल तर दुभाषा मागायचा हक्कही आहे. आजी दिवसभर बाळ सांभाळत असेल तर हे खरोखर उपयोगी पडते.

आम्ही फोन केला तेव्हा दोन आठवडे कोणी उलटून फोन केला नाही. आम्ही संकोचलो, कदाचित आपला प्रश्न लहान असेल. पुन्हा केला तेव्हा कळले की निरोप कुठेतरी हरवला होता. तेव्हा पाठपुरावा करा आणि पहिल्या फोनची तारीख लिहून ठेवा, ४५ दिवस तिथपासून मोजतात.

तपासणीला दोन बायका घरी आल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. तासभर खेळल्या, आम्हाला प्रश्न विचारले. पात्रतेचे निकष राज्याराज्यात वेगळे आहेत. आमची मुलगी मोठ्या हालचालींत मागे निघाली, बाकी सगळ्यात वयाप्रमाणे. ती बुडावर सरकायची, आणि अशी मुले बरेचदा उशिरा चालतात, घराण्यातही असते, असे त्या म्हणाल्या. त्या रात्री फोनवर हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "अगो बाई, मग हिचा बाबा तरी कुठे रांगला? बुडावर फिरायचा, दीड वर्षाचा होईपर्यंत!" हे आधी का सांगितले नाही असे विचारले तर उत्तर आले, "तुम्ही विचारलेच कुठे?" तुम्ही विचारून ठेवा.

मग आठवड्यातून एकदा थेरपिस्ट यायची. तिने काही जादू केली नाही. आवडीची खेळणी जमिनीवरून उचलून सोफ्यावर ठेवायला लावली, म्हणजे घ्यायला उठावे लागेल. गुडघ्यांवर उभे राहून खेळायला शिकवले. दोन्ही हात धरून चालवू नका, त्यात तोल आपण सांभाळतो, असे सांगितले. कपड्यांची टोपली थोडी जड करून ढकलायला दिली. सतरा महिने आणि एकवीस दिवसांनी मुलगी ती टोपली सोडून चार पावले चालली. आमच्यापैकी एक जण तेव्हा मीटिंगमध्ये होता.

ती थेरपीशिवाय चालली असती का? कदाचित असती. आम्हाला ते कळणार नाही. पण तपासणीनंतर खुबे ठीक आहेत, स्नायू ठीक आहेत, हे माहीत होते, आणि पुढचे महिने झोप लागली.

तपासणीनंतरच्या सेवांना काही राज्ये उत्पन्नाप्रमाणे थोडे पैसे घेतात किंवा तुमच्या संमतीने इंश्युरन्स वापरतात, ते आधी विचारा. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर फाईल आपोआप जात नाही. नव्या राज्यात पुन्हा फोन करावा लागतो, म्हणून सगळ्या रिपोर्टच्या प्रती जवळ ठेवा. तिसऱ्या वाढदिवसाला ही सोय संपते आणि पुढची जबाबदारी शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जाते. पुढे मदत लागू शकेल असे असेल तर त्यासाठीची बैठक वाढदिवसाच्या किमान नव्वद दिवस आधी व्हायला हवी. ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका.